जोडाक्षर नसलेलं वाक्य

आमच्या हायस्कूलच्या रस्त्याकडच्या भिंतीवर सिमेंटचा एक काळा फळा होता. खरं सांगायचं तर वस्तीला शाळेपेक्षा त्या फळ्याचंच काम जास्त पडायचं. नळ आज लवकर जाणार, लस टोचायला डॉक्टर कधी येणार, कुणाची शेळी हरवली, कोण गेलं आणि त्याला कधी नेणार, हे सगळं त्या फळ्यावर यायचं. ज्याला वाचता येत नसे तो शेजारच्याला विचारायचा. शाळा नगरपालिकेची. दिवसा ती आमची असे आणि उरलेल्या वेळी सगळ्यांची. लग्नसराईत हॉल कुणाच्या ना कुणाच्या लग्नाला दिलेला असे. सोमवारी वर्गात शिरलं की बुंदीचा वास यायचा आणि बाकांच्या फटींत अक्षता सापडायच्या. गोदावरीला पूर आला की काठावरची बिऱ्हाडं गाठोडी घेऊन आमच्या वर्गांत यायची. आदल्या दिवशीचं भूमितीचं प्रमेय फळ्यावर तसंच, आणि त्याच्याखाली कुणाचं तरी तान्हं झोपलेलं. कुंभमेळ्यात पोलिसांचा मुक्काम शाळेत पडायचा, तेव्हा आम्हाला सुट्टी. आवारातला नळ तर वर्षभर साऱ्या गल्लीचा होता. पहाटे तिथे हंडे-कळशांची रांग लागायची, आणि पहिली घंटा होईपर्यंत बायकांची भांडणं, विनोद आणि बातम्या तिथंच उरकलेल्या असायच्या.

त्या फळ्यावर लिहायचं काम माझ्याकडे होतं, कारण माझं अक्षर चांगलं होतं. नुसतं चांगलं नाही. मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, पाहुणा आला की त्याला आधी फळा दाखवायचे आणि मग शाळा. अभ्यासात मी बेताचाच, खेळात नाहीच, पण रस्त्यानं जाणारा माणूस थांबून माझ्या अक्षराकडे बघायचा तेव्हा मला वाटायचं की ही शाळा माझ्यावरच उभी आहे. हा गर्व किती पोकळ होता ते पुढे येईलच.

आमचं घर शाळेच्या मागच्या गल्लीत होतं. तांबटांची गल्ली ती. सकाळी सुरू झालेले ठोके संध्याकाळपर्यंत चालायचे, आणि ते थांबले की उलट कानाला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. वडील दुसऱ्याच्या कारखान्यात हंड्यांवर ठोके घालायचे. दिवसभर त्या आवाजात राहून त्यांना कमी ऐकू यायला लागलं होतं, त्यामुळे ते घरातही ओरडूनच बोलायचे आणि नव्या माणसाला वाटायचं की भांडण चाललंय. आई पत्रावळी टाचायची. नदीवर जेवणावळी घालणाऱ्यांना त्या लागायच्या. दोन खोल्यांपैकी एकीत पळसाच्या पानांचे ढीग असत, आणि त्या सुकल्या पानांचा तुरट वास आमच्या कपड्यांना, अंथरुणाला, माझ्या पुस्तकांनाही होता. आई सटाण्याकडची. नाशकात येऊन तिला पंधराएक वर्षं झाली होती तरी तिच्या तोंडची अहिराणी गेली नव्हती. कुणी पाहुणं आलं की ती मराठी बोलायचा प्रयत्न करायची आणि दुसऱ्याच वाक्याला 'आहे'च्या जागी 'शे' निघून जायचा. ती कळण्याची भाकरी करायची, ज्वारीत उडीद दळून घातलेली, आणि वर ठेचा. भाकरी टोपलीत, टोपलीवर फडकं, फडक्यावर वाटी पालथी. तिची ही रीत मला अजून जशीच्या तशी दिसते. आम्ही गरीब होतो, पण त्या घरात मी एकदाही उपाशी राहिलो नाही. हे वाक्य मी मुद्दाम इथे लिहून ठेवतो.

मी नववीत गेलो त्या वर्षी शाळेत सहस्रबुद्धे बाई आल्या. पंचवटीतून सायकलवरून यायच्या, सडसडीत, आवाज खणखणीत. त्यांनी मोठ्या सरांच्या मागे लागून संध्याकाळी बायकांसाठी वर्ग सुरू केला. वर्ग नववीच्या खोलीत, कारण तिथे विजेचा दिवा होता. पत्रावळीवाल्या, भाजीवाल्या, घाटावर फुलं विकणाऱ्या, तांबटांच्या घरच्या, अशा बायका आमच्या बाकांवर बसू लागल्या. पहिल्या दिवशी एका म्हातारीनं बाईंना नाव विचारलं. बाईंनी सांगितलं. म्हातारी म्हणाली, "सासरबुद्धी? म्हणजे सासरी गेल्यावर आली का बुद्धी?" सगळ्या हसल्या, बाईही हसल्या. म्हणाल्या, "माझं आडनाव फार अवघड आहे हो. ते आपण सगळ्यात शेवटी शिकू. तोवर मी नुसती बाई."

बाईंची शिकवायची एक तऱ्हा होती. दिवाळीपर्यंत जोडाक्षर दाखवायचंच नाही. सुटी अक्षरं, काना, मात्रा, वेलांटी, बस्स. आणि शिकलेलं रोज वापरात यायला हवं, म्हणून रस्त्यावरच्या फळ्यावर वरच्या भागात एक वाक्य असं घालायचं, ज्यात एकही जोडाक्षर नाही. बायका नळावर येतील, वाचतील. ते वाक्य बाई मला सांगायच्या आणि मी लिहायचो. ऐकायला सोपं, पण करून बघावं. 'उद्या' चालत नाही, म्हणून वार घालायचा. 'रस्ता' नाही, 'वाट'. 'लग्न' नाही, 'वरात'. 'मुख्याध्यापक' तर नाहीच, म्हणून 'मोठे सर'. 'पत्रावळी' नाही, त्यामुळे आईला तिचा स्वतःचा धंदा लिहिता येईना, ती नुसतं 'पान' लिहायची. आणि 'दत्तू' नाही. माझं नाव तिला दिवाळीनंतर लिहिता येणार होतं.

आई वर्गाला जाऊ लागली ती शेजारणीच्या सोबतीनं, आणि आठवड्याभरात सगळ्यांच्या पुढे गेली. पाटीवर तिनं 'केसर' असं स्वतःचं नाव लिहिलं तेव्हा ती पाटी तिनं पुसली नाही, तशीच घरी आणली आणि कोनाड्यात उभी केली. वडील म्हणाले, "लय भारी. आता पाटीला हळदकुंकू वाहा." पण त्यांनी ती पाटी दोनदा उचलून बघितली. मग आईला वाचायचं वेडच लागलं. मी चार मित्रांबरोबर चाललेलो असलो आणि ती समोरून पत्रावळींचा भारा घेऊन आली, तर दुकानाच्या पाटीसमोर उभी राहून ती मोठ्यानं अक्षरं लावायची. "क-टिं-ग स-लू-न. हाई काय शे रे दत्तू?" पोरं फुटायची. वर्गात तर रोज नवा वार. तिसऱ्या बाकावर माझी जागा होती आणि संध्याकाळी आईही नेमकी तिथंच बसायची. सकाळी बाकाखाली पळसाच्या पानांचे तुकडे आणि ती टाचायच्या बारीक काड्या, चोया, सापडायच्या. एकजण म्हणाला, "दत्तूची आई चाचणीत पहिली, दत्तू दुसरा." दुसरा म्हणाला, "गृहपाठ कोण कोणाचा करतं रे घरी?" आणि मग त्यांनी 'शे' धरला. "सर, दत्तू आज उशिरा येल शे." सगळा वर्ग हसायचा आणि मीही हसायचो, सगळ्यांत मोठ्यानं.

एकच मुलगा हसायचा नाही. बिरजू. त्याच्या वडिलांची शाळेच्या कोपऱ्यावर इस्त्रीची गाडी होती. तो देवळालीकडच्या हिंदी शाळेतून आठवीत आमच्याकडे आला होता. मराठी बरं बोलायचा, पण लिहिताना त्याचा ल आणि श हिंदीचे निघायचे. मराठीतला ल दोन पोटांचा, दंड नसलेला. बिरजूच्या ल ला उजवीकडे उभी काठी. मराठीचे सर रोज म्हणायचे, "अरे, ही काठी काढ, नाहीतर याच काठीनं मारीन." तो मला एकदा म्हणाला, "तू चिडतोस कशाला? मेरी माँ तो गाँव में है. इधर असती ना, तर मी स्वतः आणून बसवली असती तिला." मी त्याला म्हणालो, "तुझ्या आईला येऊन 'शे शे' करायचं नसतं." पंधरा ऑगस्टला माझा सदरा त्यानं निखाऱ्यांच्या इस्त्रीनं कडक करून दिला होता, त्याची घडी मोडू नये म्हणून मी सकाळपासून उभा होतो. असा तो माझा मित्र होता.

मी रोज संध्याकाळी आईशी वाद घालू लागलो. ती पाटी घेऊन निघाली की मी म्हणायचो, "मला भूक लागलीय." ती म्हणायची, "टोपलीमा भाकर शे." मी म्हणायचो, "मला हातानं वाढून घ्यायचं नाही. मी उपाशी राहीन." ती थोडा वेळ उंबऱ्यात थांबायची आणि जायची. मी मागाहून टोपली उघडून पोटभर जेवायचो आणि ती आली की न जेवल्यासारखा पडून राहायचो. तिनं टोपलीतल्या भाकरी मोजल्या असणारच.

ज्या दिवशी मी ते केलं त्याच्या आदल्या संध्याकाळी विशेष काही घडलं नव्हतं. वर्गात कुणीतरी माझ्या बाकावर खडूनं 'केसर' लिहिलं होतं, तेवढंच. कदाचित ते आईनंच सरावाला लिहिलेलं असेल. मी पहाटे उठलो, नळ यायच्या आधी शाळेत गेलो. फळ्याचा खडू माझ्याकडेच असायचा. बाईंचं आदल्या दिवशीचं वाक्य पुसलं आणि त्या जागी लिहिलं:

आई बसली शाळेत, पोर उपाशी घरात.

त्यात जोडाक्षर नाही. मी ते फार काळजीपूर्वक जमवलं होतं. ज्यांच्यासाठी लिहायचं त्यांना ते वाचता आलं पाहिजे, ही बाईंची शिकवण मी तंतोतंत पाळली. आणि माझं अक्षर सगळी वस्ती ओळखत होती, म्हणून मी ओळ जरा वाकडी काढली आणि 'बसली'मधल्या ल ला उजवीकडे उभी काठी दिली. श सुद्धा तसाच. पुढे कित्येक वर्षं मी मनाला सांगत आलो की मला फक्त माझं अक्षर लपवायचं होतं. ते खरं नाही. अक्षर डाव्या हातानंही लपवता आलं असतं. ती काठी ओढताना माझ्या डोळ्यांसमोर बिरजूच होता.

हात धुऊन मी घरी आलो आणि थोड्या वेळानं शाळेची वेळ झाल्यासारखा पुन्हा निघालो. नळाला रांग लागली होती. एका बाईनं फळ्याकडे बघून हाक मारली, "केसर, आजचं नवं दिसतंय गं, वाच." आईनं हंडा खाली ठेवला. पदर नीट केला, जसा ती वर्गात उठून उभं राहताना करायची, आणि बोट हवेत धरून वाचू लागली. "आ-ई. ब-स-ली. बसली. शा-ळे-त." बाकीच्या तिच्या मागोमाग म्हणत होत्या. आईचा चेहरा फुलला होता, कारण ती अडखळत नव्हती. तिच्या तोंडून पुस्तकातली मराठी येत होती, 'शे' नसलेली. मला जी हवी होती तीच. "पो-र. उ-पा-शी. घ-रा-त." शेवटचं अक्षर लावून झाल्यावर तिनं हसून बायकांकडे बघितलं, आणि मग सगळं वाक्य एकदम म्हणायला तोंड उघडलं. अर्धं म्हणून झालं आणि ती थांबली. अर्थ तेव्हा तिच्यापर्यंत पोचला.

समोरच्या चहाच्या दुकानात बसलेला एकजण म्हणाला, "वा, वाचता आलं की. आता घरी जाऊन पोराला वाढा." दुकानात हशा झाला. दोन बायकांनी भराभर हंडे उचलले. लहान पोरांना तर ते वाक्य गाण्यासारखं वाटलं. त्याला यमक होतं, ठेका होता. दुपारपर्यंत सगळी गल्ली ते म्हणत होती, तांब्यावरच्या ठोक्यांच्या तालावर.

त्याआधी, पहिल्या घंटेलाच, मोठे सर आले. त्यांनी फळा पुसू दिला नाही. नववी-दहावीच्या मुलांना आवारात उभं केलं आणि छडी ल वर टेकवून विचारलं, "हा ल कोणाचा?" कुणालाही सांगावं लागलं नाही. सगळ्या माना बिरजूकडे वळल्या. सरांनी त्याला बाहेर काढून तेच वाक्य खाली लिहायला लावलं. त्यानं लिहिलं. ल तसाच निघाला, काठीचा. तो म्हणाला, "सर, मैंने नहीं लिखा. मी कशाला लिहीन?" सर म्हणाले, "मग हा ल चालत आला का?" मुलं हसली. नळावर अजून तीन-चार बायका होत्या, त्यांत आई होती. ती बिरजूकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. 'उपाशी' हा शब्द त्या वस्तीत रोज संध्याकाळी कोण म्हणतं, हे एकाच बाईला माहीत होतं. मी खाली बघितलं. सरांनी बिरजूच्या कानाला धरून त्याला हलवलं, तेव्हा आईनं तोंड उघडलं असं मला वाटलं. तिनं हंडा डोक्यावर घेतला आणि ती गेली.

तेव्हा मी फक्त सुटलो म्हणून खूश होतो. आईनं त्या क्षणी काय केलं ते मला मुलाचा बाप झाल्यावर कळलं. दुसऱ्या बाईच्या पोराचा कान पिरगळला जात असताना ती माझ्यासाठी गप्प राहिली. ज्या बाईनं आयुष्यात कुणाच्या ढिगातलं एक पान उचललं नव्हतं, तिला मी माझ्या लबाडीत सामील करून घेतलं.

त्या संध्याकाळी ती वर्गाला गेली नाही. दिवेलागणीला भाकरी केल्या, माझ्यापुढे ताट ठेवलं आणि समोर बसली. "जेव," म्हणाली. "उपाशी नको राहू." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. कारखान्यातून आलेले वडील दारातूनच ओरडत आत आले, "मला सगळा कारखाना विचारतो, काय हो, पोर उपाशी का? लय झाली शाळा आता." आई म्हणाली, "बस झाली." तिनं कोनाड्यातली पाटी काढून पानांच्या ढिगामागे सरकवली.

चार-पाच दिवसांनी सहस्रबुद्धे बाई घरी आल्या. सायकल दाराशी लावून आत आल्या, पानांच्या ढिगाशेजारीच बसल्या. म्हणाल्या, "केसरबाई, तुम्ही आला नाहीत तर वर्ग मोडेल. बाकीच्या तुमच्याकडे बघून येतात. एका वाह्यात पोरानं काही लिहिलं म्हणून सोडून द्यायचं?" आई पान टाचत होती. म्हणाली, "बाई, पोऱ्या उपाशी राहस." बाईंनी माझ्याकडे बघितलं. "हा? हा राहतो उपाशी? दत्तू, तू सांग बघू आईला. तू तर आपला फळेवाला. तू म्हणालास तर ऐकेल ती." आईचा हात थांबला. ती मान वर न करता वाट बघत होती. मला आजही पूर्ण खात्री आहे की मी नुसतं 'जा गं आई' म्हणालो असतो तर ती त्याच संध्याकाळी पाटी शोधून निघाली असती. बाकी काही कबूल करायचीही गरज नव्हती. मी म्हणालो, "तिला घरी खूप काम असतं, बाई." आईनं चोय पानात खोचली आणि पुढचं पान घेतलं. बाई चहा न घेता गेल्या.

वर्ग दसऱ्यापर्यंत कसाबसा चालला. मग तीनच बायका येऊ लागल्या, मग दिवा लागेनासा झाला. जोडाक्षरांपर्यंत कुणीच पोचलं नाही. बाईंची पुढच्या वर्षी बदली झाली. बिरजूच्या वडिलांना मोठ्या सरांनी बोलावून घेतलं. काय बोलणं झालं माहीत नाही, पण बिरजू त्यानंतर शाळेत आला नाही. गाडीमागे उभा राहून इस्त्री करताना दिसायचा. मी त्या कोपऱ्यावरून जायचं सोडून दिलं आणि नदीकडून वळसा घालून शाळेत जाऊ लागलो.

आमच्या भागातली जुनी माणसं अजून सांगतात की बायकांचा वर्ग इस्त्रीवाल्याच्या पोरानं बंद पाडला. ते खोटं आहे. ते वाक्य मी लिहिलं. बिरजूनं लिहिलं नाही.

बिरजू मला पुढे एका लग्नात भेटला. अंबडला त्याचं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप होतं, हाताखाली चार माणसं होती. मी तेव्हा एका शाळेत मुख्याध्यापक. "दत्तू सर," म्हणून त्यानं मला मिठी मारली. जेवताना सहज म्हणाला, "यार, तो बोर्ड कुणी लिहिला होता, काही कळलं का रे कधी?" मी जिलबीचा तुकडा मोडत म्हणालो, "नाही रे. जुनी गोष्ट झाली." तो म्हणाला, "हां, जाने दे." माझ्या आठवणींच्या पुस्तकातलं हे प्रकरण छापायच्या आधी त्याला नेऊन वाचून दाखवलं पाहिजे, हे मला कळतं. दोनदा अंबडच्या बसपर्यंत जाऊन परत आलो आहे.

माझी सगळी नोकरी शिक्षणखात्यात गेली आणि साक्षरतेच्या मोहिमेत मी गावोगाव भाषणं केली. प्रत्येक भाषणात माझी आई असायची. पत्रावळी टाचणारी बाई पदर खोचून हायस्कूलच्या बाकावर बसते, पाटीवर नाव लिहिते, पाटी कोनाड्यात ठेवते. इथपर्यंत सांगून मी थांबायचो आणि टाळ्या पडायच्या. पुढचं कधी सांगितलं नाही. एकदा तर आमच्याच जुन्या शाळेत कार्यक्रम होता आणि मी आईला घेऊन गेलो. भाषणाच्या भरात तिला व्यासपीठावर बोलावलं, हातात खडू दिला आणि माइकमधून म्हणालो, "आई, तुझं नाव लिही." ती फळ्यासमोर उभी राहिली. मग माझ्याकडे वळून खडू परत दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माले नही येस." लोक मायेनं हसले. मी म्हणालो, "लाजते आहे." तिनं पुन्हा सांगितलं, "नही येस." त्यानंतर बँकेत, दवाखान्यात, जिथे म्हणून कागद पुढे आला तिथे ती न विचारता अंगठा पुढे करायची, आणि मी बाजूला उभा राहून तिच्या बोटाची शाई पुसायचो.

शेवटची काही वर्षं ती आमच्याकडे, गंगापूर रोडच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात होती. निवृत्त झाल्यावर मी रोज सकाळी फिरायला जायचो. एका सकाळी पाऊस आला म्हणून लवकर परतलो. जिन्याच्या वळणावर पोचलो तर वरून आवाज येत होता. दार उघडं होतं. आई वर्तमानपत्र वाचत होती, मोठ्यानं, एकटीच. उन्हाळ कांद्याच्या भावाची बातमी होती. 'उन्हाळ'ला ती अडली. "न ला ह... न्हा. उन्हाळ." मग "कां... द ला य... द्या. कांद्याची आवक." सावकाश, पण सोडत नव्हती एकही अक्षर. ही जोडाक्षरं तिला कुणी शिकवली, कधी शिकवली, मला माहीत नाही. मी वर गेलो. पायरीवर चप्पल वाजली आणि आवाज बंद झाला. आत गेलो तेव्हा पेपर घडी घालून टीपॉयवर होता आणि आई खिडकीतून पाऊस बघत होती. रात्री बायकोला विचारलं. ती म्हणाली, "तुम्हाला माहीत नाही? किती वर्षं झाली, वाचतात त्या. तुम्ही घरात असलात की ठेवून देतात."

मी आईला काही विचारलं नाही. विचारायचा हक्क कोणत्या तोंडानं सांगायचा होता? पण दुसऱ्या दिवसापासून फिरून आलो की मी खालच्या मजल्यावरच खोकायला सुरुवात करायचो. थांबत थांबत चढायचो. वळणावर पुन्हा एकदा खोकायचो आणि उभा राहायचो, वरती पेपराची घडी होऊन तो जागेवर जाईपर्यंत. मग आत जायचो.